कागद दोघांनाही द्या: डिमेन्शिया असलेल्या माणसाबरोबर चित्रांचा तास कसा घ्यावा

सासूबाईंसमोर मी पहिल्यांदा ड्रॉइंगचा कागद ठेवला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलेलं होतं आणि त्यातली छापील फुलं त्या नखानं उचलायला बघत होत्या. मी त्यांचा हात धरून कागदावर ठेवायची, तो परत फुलांकडे जायचा. अर्धा तास असाच गेला. शेवटी "सोड, मी जातो" म्हणून त्या उठल्या. आमच्याकडं कोल्हापुरात जुन्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात आणि त्यांचं ते शेवटपर्यंत टिकलं.

तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, वर्गच्या वर्ग एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवले, तरी त्या फुलं वेचत होत्या हे मला त्या दिवशी समजलं नाही. रात्री भांडी घासताना समजलं. रोज सकाळी देवपूजेसाठी फुलं काढणारा हात होता तो. दुसऱ्या दिवशी टेबलावर साधी गडद निळी चादर घातली, सुपात झेंडू आणि शेवंती ठेवली आणि काही न बोलता शेजारी बसून पाकळ्या सोडायला लागले. त्यांनी सूप आपल्याकडं ओढून घेतलं. मधे खळ लावलेला कागद सरकवला, तर पाकळ्या त्याच्यावर पडायला लागल्या. पडता पडता त्या नीट मांडायला लागल्या. चाळीस मिनिटं त्या उठल्या नाहीत.

आता दर शनिवारी आमच्या घरी अशा सहा जोड्या येतात. जोडी म्हणजे एक विसरणारं माणूस आणि एक त्याला सांभाळणारं. कुणाला घरीच दोघांत हा तास घ्यायचा असेल, कुणाला गल्लीतल्या चार घरांना बोलवायचं असेल, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. चित्रकला येत नसली तरी अडत नाही. समोरच्याचा हात आत्ता काय करतोय, एवढं बघता आलं पाहिजे.

हा तास कशासाठी

कलेनं डिमेन्शिया बरा होत नाही आणि थांबतही नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. मिळतं ते असं: तेवढा वेळ माणूस गुंततो, घरातली कटकट थांबते, आणि नंतर काही तास मन बरं राहतं. काय केलं हे तो घरी जाईपर्यंत विसरलेला असतो, पण बरं वाटलेलं मागं उरतं. प्रसंग पुसला गेला तरी त्याची भावना राहते, हे अभ्यासांतही दिसलं आहे.

अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, त्यात नव्या आठवणी साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधतो. म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि तोच प्रश्न दहा वेळा येतो. हाताला बसलेल्या सवयींची वाट निराळी आहे. वाती वळणं, कणीक मळणं, रंधा मारणं, टाका घालणं ही कामं मेंदूचे आतले खोल भाग आणि लहान मेंदू सांभाळतात. ती बरीच उशिरापर्यंत टिकतात. आपला सगळा तास या टिकलेल्या वाटेवरून न्यायचा.

साठ वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. आपल्याकडं अजून ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवला जातो आणि निदान फार उशिरा होतं. तुमच्या घरात अजून डॉक्टरांना दाखवलं नसेल, तर आधी ते करा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, डोक्याला मार यांनीही माणूस विसरायला लागतो आणि त्यातल्या काहींवर उपचार आहेत. निदान झालं असलं तर प्रकार विचारून घ्या. लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसं-जनावरं दिसतात, म्हणून भिंतीवर माणसांचे चेहरे, आरसे किंवा नक्षीदार पडदे नकोत. अर्धांगवायूनंतर कधी कधी डाव्या बाजूचं लक्षातच येत नाही. अशा वेळी सामान उजवीकडं ठेवायचं.

कधी, कुठे, किती जण

सकाळी साडेदहा ते पावणेबारा. नाष्टा झालेला, जेवण अजून लांब, औषधं घेऊन झालेली. दुपारी चारनंतर कधीही ठेवू नका. दिवस कलला की यांच्यातल्या बऱ्याच जणांचा जीव अस्वस्थ होतो, "घरी जाऊया" सुरू होतं. वार आणि वेळ एकच ठेवा, जागाही तीच आणि खुर्चीही तीच. वार त्यांना सांगता येत नाही, पण खुर्ची बरोबर सापडते.

खोली तळमजल्यावरची, संडास जवळ, आणि संडासाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी. काळं पायपुसणं काढून टाका. नजरेला रंगांतला फरक नीट कळेनासा झाला की काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, आणि माणूस दारातच अडतो. आमच्याकडं एक आजोबा सलग तीन शनिवार उंबऱ्यावरून परत जायला निघायचे. पायपुसणं उचललं त्या दिवशी सरळ आत आले.

सहा जोड्या म्हणजे बारा माणसं. त्याहून जास्त नको, गलबला होतो. घरी घेत असाल तर दोघंच पुरे. टीव्ही बंद. गाणी लावायची तर सामान मांडेपर्यंत, काम सुरू झालं की बंद करा. बोलणं आणि गाणं एकदम आलं की डोक्याला पेलत नाही. चष्मा पुसलेला आहे ना आणि कानाच्या मशीनची बॅटरी चालू आहे ना, हे दारातच बघून घ्या. ‘आज मूडच नव्हता’ असं आम्ही ज्या दिवसांबद्दल म्हणायचो, त्यातल्या कित्येक दिवशी चष्माच घरी राहिलेला असायचा.

टेबल आणि सामान

टेबलावर एकरंगी गडद चादर, तिच्यावर पांढरा कागद. फुलं, चौकडी, रेघा असलेलं काही नको. कागद चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टीनं टेबलाला पक्का करा. सरकत नाही, आणि शेवटी पट्टी काढली की चित्राला आपोआप पांढरी स्वच्छ कड येते. ती कड बघून चेहरे बदलतात. फुल इम्पीरिअल ड्रॉइंग शीटचे चार भाग केले की बरोबर माप होतं. लहान कागद देऊ नका, हात आखडतो.

एका वेळी दोनच रंग समोर ठेवा. बारा रंगांची पेटी उघडली की माणूस पेटीकडंच बघत बसतो. "पिवळा घेताय का लाल?" असं दोन्ही हातांत धरून विचारायचं. जाड ऑइल पेस्टल सगळ्यात सोयीचे. ब्रश रुंद, बारा नंबरच्या पुढचा. बोटं दुखत असतील तर दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला एका घाबरवून सोडणाऱ्या प्रसंगानं शिकवली. ब्रश धुवायला मी स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं होतं. त्यात गेरूचा रंग उतरला, पाणी चहासारखं दिसायला लागलं आणि एका काकांनी ते उचलून निम्मं पिऊन टाकलं. काही झालं नाही, पण तेव्हापासून स्वयंपाकघरातलं एकही भांडं आमच्या टेबलावर येत नाही. पेला, वाटी, ताटली, चमचा काही नाही. पाण्यासाठी ओला स्पंज ठेवतो, ब्रश त्याच्यावर पुसायचा. रंगासाठी लाकडी फळीचे तुकडे. पिवळ्या पोस्टर कलरचा गोळा श्रीखंडासारखा दिसतो, रांगोळी साखरेसारखी, थर्माकोलचे मणी साबुदाण्यासारखे. काय कशासारखं दिसतंय, हे उपाशी माणसाच्या नजरेनं एकदा बघून घ्या. टेबलावरचा रंग पूर्ण उचलल्याशिवाय चहा बाहेर येत नाही, हा नियम कधी मोडायचा नाही.

खळ घरीच करा. एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवायचं, गार करून वापरायचं. पुस्तकं बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, आपल्या खळीत ते अजिबात नको. दोन-तीन दिवसांत संपेल एवढीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. रांगोळीची पूड छातीत जाते, तिच्याऐवजी तांदळाचं पीठ घ्या.

आधी माणसाची माहिती काढा

पहिल्या शनिवारच्या आधी घरच्यांना फोन करून मी अर्धा तास बोलते. आजाराची माहिती पाच मिनिटांत संपते. उरलेला वेळ हात काय करत होते हे विचारण्यात जातो. काम कुठं होतं? सुट्टीच्या दिवशी काय करायचे? उजवखोरे की डावखोरे? कशाचा वास आवडत नाही? कशावरून भडकतात?

कोल्हापुरात या प्रश्नांना उत्तरं भरपूर मिळतात, कारण हातानं काम करणाऱ्यांचंच हे गाव आहे. गुजरीतले सोनार, हुपरीचे चांदीवाले, चप्पल शिवणारे, उद्यमनगरातले टर्नर आणि फिटर, गुऱ्हाळावरचे गुळवे, कुंभार, शिंपी. शिवाय घराघरांतल्या बायका, ज्यांनी गव्हले वळले, वाकळा शिवल्या, शेवया केल्या.

फाउंड्रीत मोल्डिंगचं काम केलेले एक आजोबा आमच्याकडं येत होते. ब्रश हातात धरायचेच नाहीत. "ही पोरासोरांची कामं" म्हणून खाली ठेवायचे. एकदा सगळ्यांना शाडू दिला. त्यांनी एक मूठ घेतली, दाबली, हात उघडून बघितलं, मधोमध मोडली आणि मला म्हणाले, "पाणी कमी पडलंय." साच्याच्या वाळूत ओल बरोबर आहे का, हे मोल्डर असंच बघतात, मूठ दाबून आणि मोडून. मी पाणी घालून पुन्हा मळला. परत मूठ, परत मोडून बघितलं. तिसऱ्यांदा "आता बरं हाय" म्हणाले आणि कामाला लागले. त्या दिवशी त्यांनी केलं काय, तर एक गुळगुळीत चौकोनी ठोकळा, चारी कडा धारदार. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "मूर्ती नाही केली." मी म्हटलं, बोट फिरवून बघा जरा त्या कडेवरून.

तास कसा पुढं न्यायचा

आल्यावर सगळ्यांचे हात कोमट पाण्यानं आणि दर वेळी त्याच साबणानं धुवायचे. हात पुसून जुना शर्ट उलटा घालायचा, बटणं पाठीमागं. मग नावाची पट्टी. ती सगळ्यांना, सांभाळणाऱ्यांना आणि मलाही, म्हणजे "मला ओळखलं का?" हा प्रश्न कुणालाच कुणाला विचारावा लागत नाही. तो प्रश्न विचारूच नका. न ओळखणाऱ्याला तो परीक्षेसारखा वाटतो.

मग दहा मिनिटं एकच गोष्ट बघायची. कधी उसाचं कांडं, कधी एखादं फळ, कधी चित्र. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २००६ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला, ज्यात डिमेन्शिया असलेली माणसं आणि त्यांना सांभाळणारी एकत्र चित्रांसमोर बसून बोलत. आपल्याला त्यासाठी लांब जायला नको. आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरातली रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी रंगवली, त्यांच्या चित्रांचे मोठे छाप मिळाले तर एक आणा. माणसं बरी चालत-फिरत असतील तर टाऊन हॉल म्युझियम किंवा राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय, सकाळी गर्दी नसताना. दोन चित्रं बघायची आणि परतायचं. रंकाळ्याच्या चित्रासमोर "हे कुठलं ठिकाण?" असं विचारायचं नाही. "इथं वारं असंल का?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला उत्तर बरोबर किंवा चूक येतं. दुसऱ्याला जे येईल ते बरोबरच.

अमेरिकेत ॲन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात ‘टाइमस्लिप्स’ नावाची पद्धत बसवली, तिच्यातही हेच आहे. आठवणीला ताण द्यायचा नाही, एखादं अनोळखी चित्र दाखवून गोष्ट रचायला सांगायची आणि जे जे कुणी बोलेल ते तसंच लिहून घ्यायचं. मी मोठ्या कागदावर मार्करनं लिहिते आणि शेवटी वाचून दाखवते. आपले शब्द आपल्याला परत ऐकू आले की माणसं ताठ बसतात.

मग पस्तीस-चाळीस मिनिटं हातानं काम. सूचना देऊ नका, करून दाखवा. "आधी हा कागद घ्या, मग घडी घाला, मग रंग लावा" यातलं पहिलंच ऐकलं जातं. एका वेळी एक पायरी, तीही तुमच्या स्वतःच्या कागदावर. बघून हात चालतो. चालला नाही तर त्यांच्या कोपराखाली आपला हात हलका ठेवा. मनगट धरू नका. धरल्यावर कुणीही हिसका देतो.

शेवटची पंधरा मिनिटं चित्रं दोरीवर चिमट्यांनी लावून बघायची, मग चहा. मधुमेहींचा चहा आधीच वेगळा करून ठेवा.

आमच्याकडं जे चालतं

*हळद आणि सोडा.* कागदावर हळदीचं पाणी लावून आदल्या दिवशी वाळवून ठेवा. तासाला खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि ब्रश द्या. ब्रश फिरला की पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. कुंकू हळदीपासून करतात ते याच गुणावर. आज्जी लोकांना हे ओळखीचं आहे, पुरुषांना जादू वाटते आणि पोटात गेलं तरी घाबरायचं कारण नाही. डोळ्याला लागेल म्हणून चुना वापरू नका. हा प्रयोग मी दर महिन्याला करते आणि दर महिन्याला तोच "अगंऽ" ऐकू येतो.

*भाजीचे ठसे.* भेंडी आडवी कापली की फूल, कांदा कापला की चक्रं. सुरी आपल्याकडं ठेवून आधीच कापून ठेवा. एका ठशाच्या पुढं दुसरा, असा हात आपोआप ओळ धरतो आणि साडीचा काठ तयार होतो. नजर अधू असलेल्यांनाही जमतं.

*गुलाल.* जोतिबाचा गुलाल इथल्या प्रत्येक घरात असतोच. कोरडा उधळू नका, नाकात जातो. खळीत कालवून बोटानं लावायला द्या. पहिल्यांदा हे केलं त्या दिवशी, महिनाभर एक शब्द न बोललेले एक काका बोट गुलाबी झालेलं बघून "चांगभलं!" म्हणाले. पाठोपाठ सगळी खोली.

*शाडू.* गणपती झाल्यावर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात किंवा गंगावेशीत विचारलं तर थोडा शाडू मिळतो. माणशी दोन मुठी पुरे. बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला नाग, दिवाळीत किल्ला. किल्ल्याला टेबल नको, पाटावर करा. पन्हाळा कुठल्या बाजूनं चढायचा यावरून दोन आजोबांचं भांडण झालं होतं आणि मी ते मुद्दाम थांबवलं नाही. इतकं सलग बोलताना त्यांना घरच्यांनीही वर्षात ऐकलं नव्हतं.

*पत्र्यासारखा कागद.* जाड पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून वर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल ताणून लावा आणि बोटानं दाबत जा. साजाचे, बुगडीचे उठाव दिसायला लागतात. सोनारकाम केलेला माणूस असेल तर बोथट पेन्सिल द्या आणि बाजूला व्हा.

*वाती, गव्हले, चिंध्यांची वाकळ.* याला कुणी कला म्हणत नाही, मी म्हणते. कापडाचे तुकडे रंगानं जुळवून मांडणं हे चित्रच आहे. शिवायला सुई द्यायची तर बोथट, मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची.

लहान मुलांची रंगवायची पुस्तकं, कार्टूनची चित्रं मात्र आणू नका. "मी काय शाळंतली पोरगी हाय व्हय?" असं एका आज्जींनी मला विचारलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं.

काय बोलायचं

आडनावापुढं राव, नावापुढं ताई-काकू, जे त्या घरात चालतं ते. ‘शाब्बास’, ‘किती छान गं माझी बाळी’ हे सूर नकोत. "हे काय काढलंय?" विचारू नका, कारण त्यांनाही बहुतेक माहीत नसतं. दिसतंय ते बोला: "हा निळा इथं गडद झालाय." "इथं दाबून लावलाय तुम्ही." असं कुणीतरी नीट बघितलं, हे त्यांना पोचतं.

आठवण चुकीची सांगितली तर दुरुस्त करू नका. वडील वारून चाळीस वर्षं झाली आणि "बाबा न्यायला येणार आहेत" असं आलं, तर "बाबा काय आणायचे बाजारातनं?" विचारा. खोटंही बोलावं लागत नाही आणि पुन्हा सुतकाची बातमीही द्यावी लागत नाही.

सांभाळणाऱ्याचा कागद

सुरुवातीला मी कागद फक्त सहाच द्यायची. सुना, मुली, नवरे, बायका मागं खुर्च्यांवर बसायच्या आणि तिथून हात पुढं यायचे. "अहो सूर्य पिवळा करा की." "रेघेबाहेर चाललंय." ब्रश काढून घेऊन चित्र पुरं करणारेही होते. हे प्रेमापोटीच असतं. दिवसभर औषध, आंघोळ, जेवण, लुगडं सगळं त्यांनाच सांभाळावं लागतं, तर कागदही आपणच सांभाळायचा असं वाटतं.

मग मी बारा कागद ठेवले. सांभाळणारा शेजारी, समोर नाही, आणि त्याच्यापुढं स्वतःचा कागद, स्वतःचे रंग. नियम एकच: दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. मागितलं तरच मदत. पहिल्या दोन वेळा मंडळी अवघडतात, "मला कुठं येतंय" म्हणतात. तिसऱ्या शनिवारी मान खाली जाते आणि मग खोलीत बारा माणसं एकसारखी दिसायला लागतात. बाहेरून आलेल्याला कोण रुग्ण ते पटकन कळत नाही. हा तास मी घेते तो मुख्यतः एवढ्यासाठी.

घरी दिवसभराची मावशी असेल तर तिलाही तिच्या नावाची पट्टी आणि तिचा कागद द्या. त्या तासाचा पगार कापू नका. माणसाचा हात आज कसा आहे, हे मुलापेक्षा तिला जास्त माहीत असतं. आणि मुलांनो, आईला गेटवर सोडून गाडी वळवून जाऊ नका. महिन्यातून एक शनिवार तरी वर या आणि बसा.

चहाच्या वेळी सांभाळणाऱ्यांना वेगळं दहा-पंधरा मिनिटं बोलू द्या, दुसऱ्या खोलीत. तेवढा वेळ आणखी एक माणूस टेबलापाशी हवा. तिथं रडू येतं, राग येतो, "आता होत नाही" असंही येतं. उपाय सांगायची घाई करू नका. फार खचलेलं कुणी दिसलं तर टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

अडलं तर

एकाच जागी रंग घासून घासून कागद फाटायला आला, तर हात थांबवू नका, खाली दुसरा कागद सरकवा. उठून चालायला लागले तर चालू द्या, वाटेत भिंतीवर एक मोठा कागद लावून ठेवा. जाता जाता रेघ मारतात. रडायला लागले तर तुम्ही शांत बसा, रुमाल द्या, काम चालू ठेवा. रागानं सामान फेकलं तर गोंगाट, लघवी, दुखणं, भूक या चारांपैकी काय ते आधी बघा. बहुतेक वेळा त्यातलंच एक निघतं.

एखादं माणूस एक-दोन दिवसांत अचानक फार भांबावलं, सारखं झोपतंय किंवा बरळतंय, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, नवं औषध यांनी असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला पंचगंगेचं पाणी वाढलं की आमचे तीन-चार शनिवार जातातच. त्यासाठी प्रत्येक घरी एक पिशवी दिलेली आहे: चिकटपट्टी, सहा कागद, चार पेस्टल, निळी चादर, त्याच साबणाची वडी. घरी अर्धा तास पुरे.

आजार पुढं गेल्यावर

ब्रश धरणं सुटतं, तेव्हा रंगाऐवजी स्पर्श आणि वास आणा. तळहातावर कोमट खोबरेल, मऊ आणि खरबरीत कापडं, ओला शाडू, मोगरा. झोपून असलेल्या माणसाच्या शेजारी बसून तुम्ही चित्र काढा आणि त्यांना दिसेल असं धरा. दहा मिनिटं, तेवढंच. सासूबाईंच्या शेवटच्या चार महिन्यांत आमचा तास म्हणजे हातात एक शेवंती आणि तिच्यावरून फिरणारा अंगठा एवढाच होता.

चित्रांचं काय करायचं

मागच्या बाजूला तारीख, नाव आणि त्या दिवशी ते बोलले ते एक वाक्य लिहा. फाइलला लावा. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायच्या आधी विचारा, त्यांना विचारता येत असेल तर त्यांनाच. चित्र चालेल, चेहरा नको, असं बहुतेकांचं उत्तर असतं.

चित्रं ओळीनं लावून आजार किती वाढला ते मोजत बसू नका. विल्यम उटरमोलन या चित्रकाराचं निदान १९९५ मध्ये झालं, त्यानंतर ते स्वतःच्याच चेहऱ्याची चित्रं काढत राहिले आणि ती आज आजाराचा आलेख म्हणून जगभर दाखवली जातात. मी ती बघते तेव्हा मला दिसतं की हा माणूस रोज उठून कामाला बसत होता.

माणूस गेल्यावर फाइल घरच्यांना द्यायची, पंधरा-वीस दिवसांनी, स्वतः जाऊन. त्या मोल्डर आजोबांची फाइल द्यायला मी गेले तेव्हा सूनबाईंनी सगळी पानं उलटून बघितली आणि मधेच विचारलं, "बाई, मी एकटी आले तर चालंल का शनिवारी?" आल्या. परवा त्यांनी शाडू मळला, मूठ दाबली, मोडून बघितली आणि पाणी मागितलं.